कॉम्प्युटरच्या गोठ्यात मेकॅनिकलवाल्याचे काय काम?



या सदराकडे येणारे प्रश्न बहुतेक ठरलेले असतात. द्राक्षावर डाऊनी आला, काय फवारू? कांद्याची पात पिवळी पडली, काय टाकू? उसाला हुमणी लागली, काय करू? त्यांची उत्तरे देता देता माझी खात्यातली तीस वर्षे सरली. पण गेल्या महिन्यात तासगाव भागातले एक द्राक्षबागायतदार ऑफिसात आले. त्यांना आपण तात्या म्हणू. खुर्चीला पाठ टेकायच्या आत ते म्हणाले, "साहेब, आज औषधाचं इचारायला न्हाई आलो. पोरीचं इचारायचंय."

हकिगत अशी. तात्यांची थोरली मुलगी यंदा मेकॅनिकल इंजिनिअर झाली. नवी मुंबईतल्या एका छोट्या डिझाइन ऑफिसने तिला शिकाऊ इंजिनिअर म्हणून बोलावले आहे. काम काय, तर डेटा सेंटरचे मेकॅनिकल डिझाइन. पगार महिना तेवीस हजार. दुसरीकडे शहरातल्या एका क्लासवाल्याने सांगितले, पावणेदोन लाख भरा, सहा महिन्यांत सॉफ्टवेअर शिकवतो, नोकरीची हमी. ही हमी तोंडी, पावती मात्र फक्त फीची. पाहुणे म्हणतात, "कॉम्प्युटरच्या इमारतीत मेकॅनिकलवाल्याचं काय काम? एसी लावायला चार वर्षं शिकली का?" आणि तात्यांनी घरच्या पाटल्या गहाण ठेवून क्लासची फी भरायचे जवळजवळ नक्की केले होते.

तात्यांना उत्तर द्यायला माझी जीभ उचलेना. त्याचे कारण सांगतो. आठ वर्षांपूर्वी माझा भाचा असेच विचारायला आला होता. शीतगृहाची यंत्रणा करणाऱ्या एका कंपनीत त्याला जागा मिळत होती. मी मोठ्या रुबाबात म्हणालो, "फ्रीज-एसीची कामं मेकॅनिक करतात. तू स्पर्धा परीक्षा दे." पोराने ऐकले. चार वर्षे गेली, दोनदा थोडक्यात यादी हुकली. आज तो दुसरीकडे पोटापुरते मिळवतो. दिवाळीला येतो, मामा म्हणून पाया पडतो, एक शब्द बोलत नाही. ते न बोलणेच जास्त लागते. ज्या धंद्याची मला माहिती नव्हती, त्याबद्दल मी छातीठोकपणे बोललो होतो.

म्हणून तात्यांना म्हणालो, "मला यातलं कळत नाही. पोरीलाच विचारू. संध्याकाळी घरी येतो."

ओसरीवर चहा झाला. आजी जात्याजवळ बसल्या होत्या, वहिनी दाराशी. मी मुलीला म्हटले, "बाळ, मी बी.एस्सी. ॲग्रिकल्चर. कॉम्प्युटर म्हटलं की ऑनलाइन सातबारा काढण्यापलीकडे माझी मजल नाही. मला कळेल असं सांग."

ती हसली आणि म्हणाली, "काका, आधी आपलं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज डोळ्यांसमोर आणा."

पुढचा तासभर ती बोलत होती आणि मी वहीत टिपणे घेत होतो. नंतर थोडे वाचून पडताळून पाहिले. ते सगळे तुमच्यापुढे ठेवतो, कारण मेकॅनिकल शिकलेली मुले आज गावोगाव आहेत.

माल स्वतःच तापतो

आपण मोबाईलवर बाजारभाव पाहतो, फोटो पाठवतो, बँकेतले पैसे काढतो. ही सारी माहिती कुठेतरी साठलेली असते. ती जिथे साठते आणि फिरते, ती कॉम्प्युटरने भरलेली इमारत म्हणजे डेटा सेंटर. समुद्राखालून आलेल्या केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, म्हणून देशातली सर्वांत जास्त डेटा सेंटर मुंबई-नवी मुंबईत उभी राहिली. ऐरोली, रबाळे, महापे, पनवेल या बाजूला त्यांच्या रांगाच आहेत. पुण्यातही आहेत.

आता मुद्दा पाहा. कॉम्प्युटर जेवढी वीज खातो, ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. आपल्या मोटरीची वीज पाणी वर चढवते. कॉम्प्युटर काहीच उचलत नाही, त्यामुळे वीज आत गेली की तितकीच धग बाहेर. कॉम्प्युटरचे एक कपाट पूर्वी पाच-दहा किलोवॅट खात असे. आता कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी जी कपाटे येतात, त्यांतली काही शंभर किलोवॅटच्याही वर जातात. शंभर किलोवॅट म्हणजे किती? आपल्या पाच एच.पी.च्या सत्तावीस मोटरी. त्या एका कपाटात कोंबा आणि रात्रंदिवस चालू ठेवा. ती धग बाहेर काढली नाही, तर काही मिनिटांत कॉम्प्युटर स्वतःला बंद करून घेतात, नाहीतर बिघडतात.

कोल्ड स्टोरेजमध्ये द्राक्ष ठेवले की एकदा त्याची उष्णता काढली म्हणजे पुढे काम हलके होते. इथे माल कधी थंड होतच नाही. तो वर्षाचे ३६५ दिवस उष्णता देत राहतो. म्हणूनच तिथे मेकॅनिकल इंजिनिअर लागतो. कॉम्प्युटर चालवायला कॉम्प्युटरवाला, पण तो जिवंत ठेवायला मेकॅनिकलवाला.

काम काय करायचे?

पोरीने एकेक काम सांगितले आणि मला दर वेळी आपले शिवारच आठवत गेले.

पहिले काम, उष्णतेचा हिशेब. कॉम्प्युटरची किती, विजेच्या यंत्रांची किती, छतातून उन्हाची किती. पिकाची पाण्याची गरज काढल्याशिवाय ठिबक बसवत नाहीत, तसेच हे.

दुसरे, हवेची वाट. तात्यांच्या गोठ्यात संकरित गाई तोंडाला तोंड करून बांधलेल्या आहेत, मधे गव्हाण. डेटा सेंटरमध्ये कपाटांच्या रांगा अशाच तोंडाला तोंड लावून ठेवतात. मधल्या बोळात गार हवा सोडतात, कपाट ती पुढून ओढते आणि मागून गरम हवा टाकते. गार आणि गरम हवा मिसळू द्यायची नाही, यातच निम्मी कसब आहे. आणि गंमत अशी की तिथे बर्फासारखे गार करायचेच नसते. कपाटाच्या तोंडाशी येणारी हवा १८ ते २७ अंश सेल्सिअस असावी, अशी या क्षेत्रातली मान्य शिफारस आहे. उगाच जास्त गार केले तर वीज वाया.

तिसरे, पाणी, नळ आणि पंप. पाणी हवेपेक्षा कितीतरी जास्त उष्णता वाहून नेते, म्हणून मोठ्या कपाटांना पाण्याने थंड करतात. शंभर किलोवॅटचे कपाट असेल आणि पाणी आत जाताना व बाहेर येताना दहा अंशांचा फरक ठेवला, तर तासाला सुमारे साडेआठ हजार लिटर पाणी त्यातून फिरवावे लागते. तेच तेच पाणी फिरते, ते संपत नाही. पण किती इंची पाइप, किती हेडचा पंप, हा प्रश्न आलाच. त्याच पाइपातून दुप्पट पाणी ढकलले तर घर्षण जवळजवळ चौपट होते. विहिरीपासून लांबच्या रानात पाइपलाइन नेताना पैसे वाचवायला बारीक पाइप घालणारा शेतकरी पुढे वर्षानुवर्षे बिलात पैसे मोजतो. इथेही तसेच.

चौथे, एक जास्तीचे. चार यंत्रे लागत असतील तर पाच बसवायची, म्हणजे एक बंद पडले तरी काम अडत नाही. वीज गेली की जनरेटर थोड्या सेकंदांत चालू होतो, पण पाणी गार करणारे मोठे यंत्र पुन्हा पुरते जोमात यायला काही मिनिटे घेते. तेवढ्या वेळापुरते गार पाणी टाकीत साठवून ठेवतात. लाइट जाणार म्हणून आपण टाकी भरून ठेवतो, तोच विचार.

पाचवे, बाहेरच्या हवामानाचा अंदाज. १९ जुलै २०२२ रोजी इंग्लंडमध्ये तापमान प्रथमच चाळीस अंशांवर गेले. त्या दिवशी लंडनमधली गूगल आणि ओरॅकल या कंपन्यांच्या डेटा सेंटरची थंड करणारी यंत्रणा तोकडी पडली आणि काही सेवा बंद ठेवाव्या लागल्या. किती उष्ण दिवस धरून यंत्रणा आखायची, हा आकडा कुणीतरी कागदावर लिहिलेला असतो. बांध घालताना किती पावसाचा धरायचा, हे ज्याने एकदा चुकवले आहे, त्याला हे लगेच कळेल.

सहावे, चाचणी. कॉम्प्युटर येण्याआधी तिथे मोठमोठे हीटर लावून मुद्दाम खोली तापवतात, एखादे यंत्र बंद पाडून बघतात, दुसरे वेळेत उचलते का ते तपासतात. त्या वेळी डिझाइन करणारा माणूस साइटवर हजर लागतो, मग रात्र असो की दिवस.

आजींचा प्रश्न

एवढा वेळ गप्प बसलेल्या आजींनी मधेच विचारले, "पर एवढी धग टाकत्यात कुटं? आन् पानी कुनाचं?"

मुलगी क्षणभर थांबली. म्हणाली, "आजी, खरा प्रश्न हाच आहे."

धग शेवटी बाहेरच्या हवेत टाकावी लागते. त्याच्या दोन वाटा. एक म्हणजे मोठ्या पंख्यांनी हवेवर टाकायची. पाणी वाचते, वीज जास्त लागते. दुसरी म्हणजे पाणी उडवून, त्यातले थोडे वाफ होऊ देऊन उरलेले गार करायचे. आपला माठ हेच करतो. यात वीज वाचते, पण वाफ झालेले पाणी गेले ते गेले. मी वहीत हिशेब मांडला. एक मेगावॅट, म्हणजे हजार किलोवॅटची धग निव्वळ पाण्याच्या वाफेने काढायची म्हटली, तर तासाला साधारण दीड हजार लिटर, दिवसाला छत्तीस हजार लिटर पाणी उडून जाते. दहा हजार लिटरचे साडेतीन टँकर! मोठी केंद्रे अनेक मेगावॅटची असतात. टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभ्या राहिलेल्या आजींना हा आकडा समजावून सांगावा लागला नाही.

कुठे कोणती वाट धरायची, हे हवामानावर ठरते. आमच्या हवामान केंद्रातल्या पांढऱ्या पेटीत दोन तापमापक असतात, एक कोरडा आणि एक ओल्या फडक्याचा. दोन्हींत जितका फरक, तितकी हवा कोरडी. पाणी उडवून गार करायचे तर ओल्या तापमापकाच्या खाली जाताच येत नाही. म्हणून उन्हाळ्यात तासगावचा माठ दात शिवशिवायला लावतो आणि मुंबईचा माठ नुसता कोमट लागतो. वीज किती आणि पाणी किती, यातला तोल कागदावर मांडणारा पहिला माणूस म्हणजे हा मेकॅनिकल डिझाइनवाला. सांडपाणी शुद्ध करून वापरता येईल का, हेही त्यानेच मांडायचे. दुष्काळ पाहिलेल्या घरातले मूल त्या टेबलावर असेल, तर बरेच.

विजेचाही एक सोपा मापदंड आहे. सगळ्या इमारतीला लागलेली वीज भागिले निव्वळ कॉम्प्युटरला लागलेली वीज. कॉम्प्युटरला १०० युनिट आणि एकूण १५० युनिट, तर आकडा दीड. हा आकडा एकाच्या जितका जवळ, तितके डिझाइन चांगले. उरलेल्या ५० युनिटांतला मोठा वाटा थंड करण्यावर जातो.

शेतावरच्या पोराची जुनी गोष्ट

हवा थंड व कोरडी करण्याचे आधुनिक शास्त्र ज्याने उभे केले, तो विलिस कॅरियर हा अमेरिकेतला शेतावर वाढलेला मुलगा, जन्म १८७६ चा. १९०१ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाची इंजिनिअरिंगची पदवी घेऊन तो बफलो फोर्ज नावाच्या कारखान्यात आठवड्याला दहा डॉलर पगारावर लागला. सुरुवातीचे काम लाकूड आणि कॉफी वाळवायच्या यंत्रणेचे, म्हणजे आपल्या बेदाण्याच्या शेडच्या भावकीतलेच. पुढच्याच वर्षी, १९०२ मध्ये, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्याची तक्रार आली. दमट हवेने कागद फुगतो आणि रंगावर रंग नीट बसत नाही. त्याने हवेतला ओलावा काबूत ठेवणारी यंत्रणा आखली. १९११ मध्ये हवा, उष्णता आणि ओलावा यांची सूत्रे त्याने अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे मांडली. आजही हवेचा तो तक्ता मांडल्याशिवाय या धंद्यात पान हलत नाही.

प्रत्येक पोराचा कॅरियर होत नाही, हे मलाही कळते. पण पहिल्या वर्षीचा पगार आणि पहिल्या वर्षीचे काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे त्यावरून दिसते.

मुलांनी काय तयारी करावी?

१) उष्णतेचे वहन, द्रवगतिकी आणि रेफ्रिजरेशन हे तीन विषय पास होण्यापुरते करून सोडलेले असतात. ते पुन्हा काढा. एन.पी.टी.ई.एल.वर आय.आय.टी.च्या प्राध्यापकांची व्याख्याने फुकट ऐकायला मिळतात.

२) हवेचा तक्ता, म्हणजे सायक्रोमेट्रिक चार्ट, हातात पेन्सिल घेऊन सोडवायला शिका. मुलाखतीत तो विचारतातच असे धरून चाला.

३) ऑटोकॅड आणि रेव्हिटवर नकाशे करता यावेत, एक्सेलमध्ये हिशेब मांडता यावा. पण सॉफ्टवेअर हे खुरपे आहे, पीक नव्हे.

४) या क्षेत्रातल्या इंजिनिअरांची 'इश्रे' नावाची संस्था १९८१ पासून आहे. अनेक कॉलेजांत तिच्या विद्यार्थी शाखा चालतात. तिथे ओळखी होतात.

५) थेट नोकरी मिळत नसेल तर केंद्र सरकारच्या शिकाऊ उमेदवारी योजनेत पदवीधरांना व पदविकाधारकांना विद्यावेतनावर अनुभव मिळतो. पश्चिम विभागाचे शिकाऊ प्रशिक्षण मंडळ मुंबईत आहे.

६) जवळच्या कोल्ड स्टोरेजमध्ये आठ दिवस जाऊन बसा. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, पंप हाताने दाखवता आले पाहिजेत.

पालकांनी काय विचारावे?

पगार किती हे विचाराच, पण त्यानंतर हेही विचारा. पोराने केलेला हिशेब तपासणारा अनुभवी माणूस ऑफिसात आहे का? साइटवर पाठवतात का, की नुसते नकाशे गिरवून घेतात? रात्री साइटवर थांबावे लागले तर जाण्या-येण्याची सोय कोणाची? बाँड लिहून घेतात का, किती वर्षांचा? नोकरी देण्यासाठी आगाऊ पैसे मागतात का? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'हो' आले, तर तिथून उठून या. बियाण्याची पिशवी घेताना आपण लेबल, लॉट नंबर बघतो. हमी देणाऱ्या क्लासलाही तीच नजर लावा. हमी लेखी द्या म्हणावे, आणि मागच्या तुकडीतली चार मुले कुठे लागली ते स्वतः फोन करून विचारावे.

कष्टाची बाजूही सांगायला हवी. पहिली दोन-तीन वर्षे पाइपांचे तक्ते, नकाशांच्या दुरुस्त्या, याच कामात जातात. नवी मुंबईत खोलीभाडे आणि खानावळ गेल्यावर तेवीस हजारांतले फारसे उरत नाही. घराला पैसे येतील ही आशा पहिल्या वर्षी धरू नये. द्राक्षाची काडी लावली त्या वर्षी घड मोजत नाही ना आपण?

तात्यांच्या ओसरीवर त्या रात्री मी सल्ला दिला नाही. एवढेच म्हणालो, "पाटल्या पेटीतच राहू द्या. क्लासवाल्याकडे लेखी हमी मागा. आणि डिझाइन ऑफिसात पोरीबरोबर एकदा जाऊन या." वहिनी दारातूनच म्हणाल्या, "मी बी जाणार. ऱ्हायची जागा बघायची हाय."

क्लासवाल्याने लेखी दिले नाही. तिघे नवी मुंबईला जाऊन आले. मुलगी रुजू झाली.

परवा तिचा फोन आला. "काका, पहिला पाइपचा हिशेब करून दिला. सरांनी लाल शाईनं पान भरून परत दिला. दोन ठिकाणी हेड चुकला होता." मी म्हटले, "मग?" म्हणाली, "मग काय, पुन्हा बसवला. आता बरोबर आहे. आज दुसरं पान लाल झालंय."

मी फोन ठेवला आणि भाच्याला लावला. आठ वर्षांपूर्वीचे बोललो. सुरुवातीला जड गेले. तो म्हणाला, "मामा, तुम्हाला तेव्हा माहीत नव्हतं." त्याने उदारपणे म्हटले, पण खरे तर माहीत नव्हते हे त्याला त्याच दिवशी सांगणे माझे काम होते.

असो. पुढच्या अंकात उसातल्या हुमणीचा बंदोबस्त. ते मात्र मला माहीत आहे.